शेतकऱ्यांनी कुऱ्हाडीनं उभं केलेलं चर्च

या पानावर आपण माती, पाणी, बी-बियाणं याबद्दल लिहितो, अधूनमधून झाडाबद्दल आणि लाकडाबद्दलही. आज लाकडाबद्दलच लिहितोय, पण गोष्ट जरा लांबची आहे. फिनलंड देशाच्या मध्यावर पेतायावेसी नावाचं गाव आहे. तिथं १७६३ ते १७६५ या काळात बांधलेलं एक लाकडी चर्च आजही उभं आहे. १९९४ साली युनेस्कोनं ते जागतिक वारसा म्हणून नोंदवलं. आपली अजिंठा-वेरूळची लेणी ज्या यादीत आहेत, त्याच यादीत.

लेणी खोदायला राजांचा आणि धनिकांचा पैसा लागला. हे चर्च मात्र त्या भागातल्या शेतकऱ्यांनी बांधलं. आराखडा आणि मुख्य सुतारकाम याक्को क्लेमेतिनपोइका लेप्पानेन या माणसाचं. तो त्याच मुलखातला, लाकडात हयात घालवलेला मिस्त्री होता. 'क्लेमेतिनपोइका' म्हणजे क्लेमेत्तीचा मुलगा. आपल्यासारखंच, आधी स्वतःचं नाव, मग बापाचं, मग आडनाव.

शेतकऱ्यांनी बांधलेली इमारत अडीचशे वर्षं कशी टिकली, मधे ती कशी सोडून दिली गेली आणि परत कशी वर आली, हे आपल्यासारख्यांनी समजून घेण्यासारखं आहे.

गाव, पाणी आणि बर्फ

पेतायावेसी ६२ अंश अक्षांशाच्या जवळ आहे. आपला महाराष्ट्र साधारण १६ ते २२ अंशांत येतो, यावरून ते किती वर आहे त्याचा अंदाज येईल. पिकाला मिळतात वर्षातले पाचेक महिने. जुन्या काळी मुख्य पिकं राय आणि सातू. जंगलाचा तुकडा तोडायचा, जाळायचा, त्या राखेत राय पेरायची आणि काही वर्षांनी पुढं सरकायचं, अशीही शेती तिथं फार होती. भर हंगामात एका रात्रीत हिमकडा पडला की पीक गेलंच म्हणून समजा.

गावाच्या नावाचा अर्थच बघा. 'पेताया' म्हणजे पाइनचं झाड आणि 'वेसी' म्हणजे पाणी. पाइनची जंगलं आणि तळी, हीच त्या मुलखाची दौलत. चर्चसाठी जागा निवडली तीसुद्धा दोन तळी जिथं एकमेकांना भेटतात तिथं, पाण्यात शिरलेल्या जमिनीच्या टोकावर. त्याला कारण होतं. रस्ते जवळजवळ नव्हतेच. उन्हाळ्यात माणसं होडीनं यायची आणि हिवाळ्यात तळी गोठली की बर्फावरून, घोड्याच्या घसरगाडीनं नाहीतर चालत. म्हणजे तिथलं पाणी हाच बारमाही रस्ता. आपण विहिरीची जागा जशी दहा वेळा विचार करून ठरवतो, तशी ती जागा ठरवलेली दिसते.

तळ्यांच्या मुलखात चर्चच्या होड्या वेगळ्याच असायच्या. लांबलचक, अनेक वल्ह्यांच्या, बाया आणि गडी दोघं मिळून वल्हवायचे. त्यांना 'किर्क्कोवेने' म्हणजे चर्चची होडी असंच म्हणतात. अशी होडी सहसा एका घराची नसायची, वाडीतल्या अनेक घरांनी मिळून केलेली असायची. आपल्याकडं सामायिक विहिरीत वाटे असतात, तसे होडीत वाटे.

चर्च एवढं गरजेचं का होतं

१७६३ साली फिनलंड हा वेगळा देश नव्हता, स्वीडनच्या राज्याचा भाग होता. जर्मनीत मार्टिन लूथरनं १५१७ साली पोपच्या कारभाराविरुद्ध आवाज उठवला. पुढं १५२७ मध्ये स्वीडनच्या राजानं रोमशी नातं तोडायला सुरुवात केली आणि हळूहळू सगळं राज्य लूथरपंथी झालं. लूथरचं एक सांगणं असं, की देवाचं वचन माणसाला त्याच्या स्वतःच्या बोलीत कळलं पाहिजे. त्यातूनच फिनिश भाषेतली पुस्तकं आली. मिकाएल आग्रिकोला या धर्मगुरूनं १५४३ च्या सुमाराला फिनिश भाषेतलं पहिलं अंकलिपीचं पुस्तक काढलं आणि १५४८ मध्ये नवा करार छापला. फिनिश लिहायला सुरुवात झाली ती अशी.

१६८६ च्या चर्च कायद्यानं तर लोकांना वाचता आलं पाहिजे असंच ठरवलं. पाळक वाड्यावस्त्यांवर जाऊन वाचन आणि धर्मपाठाची परीक्षा घ्यायचे. ज्याला मूळ धर्मपाठ येत नाही त्याचं लग्न अडायचं! जन्म, लग्न, मृत्यू यांच्या नोंदीही चर्चमध्येच. राजाचे हुकूम वाचून दाखवायचे तेही तिथंच. एका अर्थानं शाळा, तलाठी कार्यालय आणि देऊळ, तिन्ही एका छपराखाली.

पेतायावेसीचे लोक यॅम्सा नावाच्या मोठ्या मंडळीत मोडायचे आणि तिथलं चर्च लांब. प्रत्येक रविवारी, प्रत्येक मयताला एवढं अंतर कापायचं. म्हणून आपल्या वस्तीजवळ आपलं चर्च हवं, ही गरज अगदी रोजची होती. चर्च बांधायचं आणि राखायचं ही जबाबदारी त्या राज्यात मंडळीतल्या शेतकऱ्यांवरच असायची.

ओंडक्याचं काम

आता मुद्द्याच्या गोष्टीवर येतो. या चर्चच्या भिंती उभ्या खांबांवर नाहीत. पाइनचे ओंडके आडवे, एकावर एक रचून भिंत केलेली आहे. कोपऱ्यावर दोन भिंतींचे ओंडके एकमेकांत खाच पाडून अडकवलेले. भिंतीचा सगळा भार आणि सगळी पकड त्या खाचेवर. खाच ढिली तर पाणी शिरणार, पाणी शिरलं की लाकूड कुजणार. कुऱ्हाडीनं तासून खाच इतकी बरोबर बसवायची की वरचा ओंडका खालच्याला चावल्यासारखा धरील, हीच तिथल्या सुताराची परीक्षा.

दोन ओंडक्यांच्या मधल्या फटीत शेवाळ भरायची पद्धत. शेवाळ दबतं, फट बुजवतं, वारा अडवतं. विकत काहीच आणायचं नाही, जंगलातनंच सगळं.

लाकूडही बघून घ्यायचे. थंड मुलखात पाइन फार सावकाश वाढतो. वर्षाचं एकेक कडं इतकं बारीक की कापलेल्या खोडावर मोजताना डोळे ताणावे लागतात. अशा झाडाचा गाभा राळेनं भरलेला आणि घट्ट असतो. झाड तोडायचं हिवाळ्यात, म्हणजे रस कमी असतो, कीड नसते आणि बर्फावरून ओंडका ओढून आणणंही सोपं. आपल्याकडं जुनी माणसं बांबू आणि सागवान केव्हा तोडायचं याचा हिशोब ठेवतात, तसाच तो हिशोब. शेतकरी मित्रांनो, ज्याला जोमदार वाढ म्हणून आपण खूश होतो, तीच वाढ इमारती लाकडाला कमकुवत करू शकते. कृषीच्या पोरांनी वाटल्यास एखाद्या भरभर वाढलेल्या आणि एखाद्या सावकाश वाढलेल्या झाडाची कडी शेजारी ठेवून बघावीत.

आणखी एक बारकावा आहे. आडवा ओंडका वाळताना जाडीत आकसतो, लांबीत जवळपास नाही. त्यामुळं अशी भिंत बांधल्यावर काही वर्षं खाली बसत राहते. हे माहीत असलेला मिस्त्री दारं-खिडक्यांच्या वर मोकळी जागा सोडतो. माहीत नसलेल्याची चौकट भिंतीच्या वजनाखाली चेंगरते. असलं शहाणपण तेव्हा शाळेत मिळत नव्हतं, कामावर बापाच्या नाहीतर उस्तादाच्या बाजूला उभं राहून मिळायचं.

छप्पर उतरतं, चांगलं तीव्र, म्हणजे बर्फ साचून राहत नाही. त्यावर कौलं आहेत, पण मातीची नव्हे. लाकूड उभं फोडून केलेल्या पातळ पट्ट्या, माशाच्या खवल्यासारख्या एकावर एक. करवतीनं न कापता धाग्याच्या दिशेनं फोडलं की पट्टीत पाणी मुरत नाही, हे त्यातलं मर्म. या कौलांना पाइनचं डांबर लावायची रीत आहे. हे आपलं रस्त्याचं डांबर नव्हे. पाइनची लाकडं मातीखाली खड्ड्यात कमी हवेवर सावकाश जाळायची आणि खालून झिरपणारं काळं घट्ट तेल गोळा करायचं. फिनलंडचे शेतकरी असलं डांबर विकून पैसा करायचे, कारण त्या काळच्या लाकडी जहाजांना त्याशिवाय चालत नव्हतं. म्हणजे राय खायला आणि डांबर रोखीला.

क्रूसाचा आकार

वरून बघितलं तर हे चर्च क्रूसाच्या आकाराचं आहे आणि चारही बाहू सारखे. हा आकार धर्माचा आहेच, पण सुताराच्या सोयीचाही आहे. एका झाडातनं मिळणारा ओंडका ठरावीक लांबीचाच असतो. लांब सरळ भिंत करायची तर ओंडके जोडावे लागतात आणि भिंत मधे फुगते. क्रूसाचा आकार घेतला की चारऐवजी बारा कोपरे होतात, प्रत्येक भिंत आखूड राहते आणि कोपऱ्याच्या खाचा तिला दोन्हीकडनं आवळून धरतात. मोठी जागा झाकायची आणि भिंत वाकू द्यायची नाही, हा प्रश्न असा सुटला.

मध्यबिंदूभोवती सारखं पसरलेलं चर्च ही कल्पना मूळ युरोपातल्या मोठ्या शहरांची, दगडाच्या इमारतींची. स्टॉकहोममधलं कातरिना चर्च सतराव्या शतकात अशा आकारात झालं आणि त्याचा प्रभाव फिनलंडच्या लाकडी चर्चांवर पडला असं अभ्यासक सांगतात. आतलं छतही दगडी कमानींची आठवण करून देणारं. चारही बाहूंवर गोलसर लाकडी छत आणि मधोमध जिथं बाहू भेटतात तिथं अष्टकोनी घुमट. युनेस्कोनं हेच नोंदवलंय, की दगडातली ही नवी-जुनी दोन्ही रूपं इथं शेतकऱ्यांच्या ओंडक्याच्या कामात एकजीव झालीत. दगडानं जे केलं ते याक्कोनं कुऱ्हाडीनं केलं, आणि ते करताना लाकडाचा स्वभाव सोडला नाही.

आत काय आहे

आतला सर्वांत मोठा दागिना म्हणजे उघडं लाकूड. काळानं ते मधासारखं तपकिरी झालंय. छतावर लाल मातीच्या रंगाची थोडी नक्षी आहे, बाकी रंगरंगोटी नाहीच म्हणा ना. जवळच केउरू गावी आंती हाकोला या मिस्त्रीनं १७५६ ते १७५८ मध्ये बांधलेलं असंच जुनं लाकडी चर्च आहे, त्याचं छत चित्रांनी भरलेलं. पेतायावेसीच्या चर्चला तसलं काही नसल्यामुळं कुऱ्हाडीचा घाव आणि सांध्याची रेघ स्पष्ट दिसते. जाणत्यांना तेच जास्त भावतं.

पाळक ज्यावर उभा राहून उपदेश करतो तो उंच लाकडी कठडा नक्षीचा आहे, गावच्या हातानं कोरलेला. त्याच्या खाली आधाराला संत क्रिस्तोफरची लाकडी मूर्ती आहे. लहानग्या येशूला खांद्यावर घेऊन नदी पार करणारा हा संत, प्रवाशांचा राखणदार. लूथरपंथी लोक संतांची पूजा करत नाहीत, पण इथं त्यानं उपदेशाचा भार खांद्यावर घेतलाय. जिथं प्रत्येक माणूस पाणी ओलांडून यायचा, तिथं हा आधाराला उभा आहे, ही गोष्ट मला फार आवडली.

बाकं साधी, फळ्यांची. त्या काळच्या रीतीप्रमाणं बाया एका बाजूला आणि गडी दुसऱ्या बाजूला बसायचे. शेगडी-भट्टी काही नाही. उणे तापमानात तासन्‌तास बसून लोक उपदेश ऐकायचे!

आजोबाचं काम, नातवाची भर

१८२१ साली याक्कोचा नातू एर्क्की लेप्पानेन यानं चर्चमध्ये काही फेरफार केले आणि पश्चिमेच्या टोकाला घंटेचा मनोरा उभा केला. आजोबाच्या कामाला नातवाचं काम जोडलं गेलं, आणि शोभलंही.

या दोघांच्या मधल्या काळात एक मोठी गोष्ट घडली होती. १७७६ साली स्वीडनच्या राजवटीनं हुकूम काढला, की चर्चसारख्या इमारतींचे आराखडे स्टॉकहोमला पाठवून मंजूर करून घ्यायचे. पुढं १८०९ मध्ये फिनलंड रशियाच्या झारकडं गेलं आणि मग आराखडे हेलसिंकीच्या सरकारी कचेरीतून यायला लागले. गावचा मिस्त्री मनानं आकार ठरवून चर्च बांधतो, हे दिवस त्यानंतर सरत गेले. याक्कोचं चर्च त्या हुकुमाच्या अकरा वर्षं आधी पुरं झालं. म्हणून त्यात गावच्या डोक्यातला आकार जसाच्या तसा राहिला.

सोडून दिलेलं चर्च

१८७९ साली पेतायावेसीत नवीन चर्च झालं आणि जुन्याचा वापर थांबला. स्मशानभूमी आणि घंटेचा मनोरा तेवढा वापरात राहिला. बाकी इमारत नुसती उभी. पन्नासेक वर्षं तिच्याकडं विशेष कोणी बघितलं नाही.

याच दुर्लक्षानं ते वाचलं, असं म्हणावं लागतं. बाकी ठिकाणी चर्च वापरात राहिली आणि काळाबरोबर त्यांच्यात बदल होत गेले. कुठं भट्ट्या बसवल्या, कुठं भिंतींवर फळ्या ठोकून रंग दिला, कुठं खिडक्या मोठ्या केल्या. इथं कोणी काही सुधारलंच नाही. १९२० च्या दशकात ऑस्ट्रियाचे कलेतिहासाचे अभ्यासक योझेफ स्त्रझिगोव्स्की यांनी या इमारतीचं मोल ओळखून लोकांचं लक्ष तिकडं वेधलं. त्यानंतर दुरुस्तीला सुरुवात झाली. दुरुस्ती करताना जुनी रीत सोडली नाही. आज उन्हाळ्यात तिथं उपासना होते, लग्नं लागतात, लांबून लोक बघायला येतात.

पण नुसत्या दुर्लक्षानं लाकूड टिकत नाही हेही खरं. छप्पर एकदा गळायला लागलं की दहा-पंधरा वर्षांत ओंडक्याचा भुसा होतो. कोणीतरी कौलं बदलायला वर चढतच होतं म्हणून आज ते उभं आहे.

आगीची गोष्ट

लाकडी चर्चचा खरा वैरी आग. फिनलंडनं अलीकडंच मोठे घाव सोसलेत. यलिविएस्काचं १७८६ चं लाकडी चर्च २०१६ साली ईस्टरच्या आदल्या दिवशी जळालं. कीहतेलिसवाराचं १७७० चं चर्च २०१८ मध्ये गेलं. दोन्ही आगी लावलेल्या होत्या. दोनेकशे वर्षांहून जास्त जुनं काम काही तासांत राख.

यातली त्यर्वाची गोष्ट सांगतो. तिथलं संत ओलाफचं चर्च आणखी जुनं, दगडी भिंतींचं, पण छप्पर आणि आतलं सगळं लाकडाचं. १९९७ साली गावकऱ्यांनी स्वतः खपून छपरावर नवी लाकडी कौलं घातली. काम होऊन थोडेच दिवस झाले होते आणि सप्टेंबरात कोणीतरी चर्च पेटवून दिलं. उरल्या त्या दगडी भिंती.

दुसऱ्या कोणी हात टेकले असते. या लोकांनी परत लाकूड जमवलं, परत कौलं फोडली, जुन्या पद्धतीनं परत छप्पर चढवलं. आतलं कामही हळूहळू पुरं केलं आणि नव्या चित्रकारांकडून चित्रं करून घेतली.

फिनिश भाषेत याला एक शब्द आहे, 'ताल्कोत'. गावानं एकत्र येऊन एखाद्याचं किंवा सगळ्यांचं काम फुकट उरकायचं आणि ज्याचं काम त्यानं जेवू घालायचं. ओळखलंत ना? ही आपली इर्जिक. एकाच्या रानात सगळ्यांचे बैल, आणि संध्याकाळी पंगत. हजारो कोसांवरच्या, बर्फातल्या शेतकऱ्यांकडं तीच रीत आहे आणि तिला नावही आहे.

त्यर्वाचं चर्च परत उभं राहिलं ते पैशानं राहिलं, असं कोणाला वाटेल. पैसा लागलाच. पण नुसत्या पैशानं लाकूड धाग्यावर फोडता येत नाही. आग लागली तेव्हा गावात नुकतीच कौलं घातलेली माणसं होती. हाताला काम माहीत होतं म्हणून राख बघूनही त्यांना पुढचं दिसलं.

म्हणून मला वाटतं, पेतायावेसीच्या चर्चमध्ये जपण्यासारख्या दोन वस्तू आहेत. एक ती इमारत. दुसरी म्हणजे ती दुरुस्त करायची अक्कल, जी याक्कोकडून एर्क्कीकडं आणि तिथून पुढं हातोहात आली. इमारत राखायला युनेस्को मदत करील. अक्कल राखायची तर कोणीतरी जाणता आणि कोणीतरी पोरगं एकाच ओंडक्यावर बसलं पाहिजे.

आपल्या गावातही जुन्या देवळाचा लाकडी सभामंडप असेल, वाड्याची कोरीव तुळई असेल, मशिदीचं किंवा चर्चचं जुनं छप्पर असेल. ते उतरवून स्लॅब टाकायचं ठरवण्याआधी त्या लाकडाचा सांधा ओळखणारा सुतार गावात किंवा शेजारच्या गावात हयात आहे का, एवढी चौकशी करा. असला तर आधी त्याला नेऊन दाखवा, आणि जाताना घरातलं एखादं पोरगं बरोबर न्या.